अण्णांची बावीस

२७ जुलै २०२४, शनिवार

सकाळपासून पावसाने उसंत दिलेली नाही. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आहे. खिडकीचे गज हाताला ओले लागतात.

दुपारी वहिनींचा फोन आला. अण्णा जाऊन पाच महिने झाले. तेराव्याच्या आत वहिनींनी घरातली दोन्ही हत्यारे परवानाधारक दुकानात जमा करून पावती घेतली होती. एवढे शहाणपण दुःखात सुचणे सोपे नाही. त्यांपैकी बारा बोअरच्या डबल बारचा प्रश्न सुटला, ती दुकानदारच घेतो आहे. उरली ती अण्णांची बावीस.

"भाऊजी, पोराला कुणीतरी फोनवर दोन लाख म्हणालंय. दुकानदार ऐंशी हजाराच्या वर जात न्हाई. खरं काय ते तुम्ही बघून सांगा. तुम्ही लोखंड ओळखता."

लोखंड ओळखतो हे खरे. शिरोलीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये चौतीस वर्षे काढली, डाय आणि गेज बनवले. बंदुकीचा मी जाणकार नाही. पण ही एक रायफल मी पन्नास वर्षे पाहत आलो आहे. मंगळवारी दुकानात जायचे ठरले.

२८ जुलै, रविवार

अण्णांच्या कपाटातली फाईल वहिनींनी पाठवली. परवान्याचे जुने पुस्तक, नूतनीकरणाचे शिक्के आणि १९६३ सालची खरेदीची पावती. पावतीवर रकमेच्या जागी वाळवीचे भोक आहे. बाकी अक्षर शाबूत: '.२२ रायफल, सेमी ऑटोमॅटिक, बेल्जियम', आणि पुढे क्रमांक.

रायफल घेतली अण्णांच्या वडिलांनी. तेव्हा दाजीपूरकडच्या जंगलात शिकारीला जाणे ही इथल्या जमीनदार घरांत रीत होती. कोल्हापूरच्या राजघराण्याचे ते शिकारीचे रान. आज तेच राधानगरी अभयारण्य आहे, गव्यांचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा अण्णांच्या वडिलांनी आदळआपट केली नाही. बंदुका पुसून कपाटात ठेवल्या आणि पुन्हा रानात नेल्या नाहीत. त्यानंतर बावीस बाहेर निघायची ती दसऱ्याला पूजेसाठी आणि पावसाळा संपला की तेलपाण्यासाठी. मी तिला पहिल्यांदा पाहिले ते अशाच एका दसऱ्याला, झेंडूच्या माळेखाली. अण्णांनी ती उचलून नळी आणि मागचा भाग असे दोन तुकडे करून माझ्या हातात ठेवले. ना स्क्रू, ना पाना. मी तेव्हा नुकता लेथवर उभा राहायला लागलो होतो. ते आटे पाहून मला रात्री झोप आली नव्हती.

३० जुलै, मंगळवार

आज दोन तास तिच्यासोबत गेले. सगळे लिहून ठेवतो, कारण उद्या कुणी विचारले तर उत्तर स्मरणातून नको, कागदावरून द्यायला हवे.

दुकानदाराने तिजोरीतून काढली, मिस्त्रींनी हातात घेतली. मिस्त्रींकडे बंदूक दुरुस्तीचा परवाना आहे, वडिलांपासूनचा धंदा. उघडजोड त्यांनीच करायची, मी फक्त पाहायचे, असे मी आधीच सांगितले होते. त्यांनी पहिल्यांदा नळी जमिनीकडे वळवली, दस्त्याच्या मागून काडतुसांची आतली नळी ओढून काढली, बोल्ट मागे खेचला, चेंबरमध्ये उजेड टाकून पाहिले आणि करंगळीनेही चाचपले. रिकामी आहे हे माहीत असूनही. हा माणूस विश्वासाचा, हे मला तिथेच कळले.

रायफल बेल्जियममधल्या एर्स्तालच्या एफएन कारखान्याची आहे. आराखडा जॉन ब्राउनिंगचा, कारखान्यातून बाहेर पडायला लागली १९१४ पासून. ब्राउनिंग अमेरिकेचा, पण एफएनशी त्याचे नाते असे की १९२६ साली लिएजला त्याच कारखान्यात काम करता करता त्याने प्राण सोडला. रायफल दोन किलोंच्या आसपासची, नळी सुमारे ४९ सेंटिमीटरची. काडतुसे दस्त्यात मावतात, अकरा, आणि रिकामी पुंगळी उजवीकडे न उडता खालून पडते. म्हणून वरून पाहिले तर ॲक्शन अखंड, गुळगुळीत दिसते. कुठे भोक नाही, खाच नाही.

आतले काम साधे आहे. बोल्टला कडीकोयंडा नाही. गोळी सुटते तेव्हा वायूचा जो दाब गोळीला पुढे ढकलतो, तोच पुंगळीला मागे ढकलतो. बोल्टचे वजन आणि मागची स्प्रिंग मिळून पुंगळीला क्षणभर थोपवतात, तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. मग बोल्ट मागे जातो, पुंगळी टाकतो, घोडा चढवतो आणि परतताना नवे काडतूस चेंबरमध्ये घालतो. पुढच्या गोळीला चाप पुन्हा ओढावाच लागतो. म्हणून ती अर्धस्वयंचलित. एवढ्याशा वेळेचा हिशेब वजन आणि स्प्रिंग यांच्यावर बसवलेला आहे. स्प्रिंग थकली किंवा काडतूस कमजोर निघाले की हिशेब चुकतो आणि पुंगळी अर्ध्यात अडकते. बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीत मनगट ही चूक भरून काढते. इथे भरून काढायला कोणी नाही. म्हणून अशी रायफल जोखताना नळीइतकेच लक्ष स्प्रिंगवर आणि बोल्टच्या चालीवर द्यायला हवे.

पहिली तपासणी क्रमांकाची. ॲक्शनवरचा आकडा, परवान्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा एक आहे. नळीवर लिएजच्या चाचणीघराचा शिक्का आहे: मुकुटाखाली लंबगोल, त्यात तीन अक्षरे. प्रत्येक नळी तिथे जास्तीच्या दाबाने उडवून पाहिल्याशिवाय हा शिक्का बसत नाही. शिक्क्याच्या कडा बोटाला टोचतात. याचा अर्थ नळी कधी पॉलिश चाकावर धरलेली नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचे वाटले. जुन्या बंदुकीवर नवे ब्ल्यूइंग, म्हणजे निळसर काळी झळाळी, चढवून तिला तरुण करतात, तेव्हा आधी गंज घासावा लागतो आणि घासताना अक्षरे बुजतात, कोपरे गोल होतात. इथे झळाळी गेली आहे. ॲक्शनच्या बुडाशी, जिथे हात धरतो तिथे, पोलाद राखाडी पडले आहे. पण ते राखाडीपण हाताच्या घामाचे आहे, साठ वर्षांचे, आणि कडा जागच्या जागी आहेत. फिकी पण अस्सल झळाळी काळ्याभोर नव्या झळाळीपेक्षा जास्त किमतीची, असे मी टिपणात लिहिले.

मग जोड. मिस्त्रींनी पुढच्या लाकडाखालची खिटी सरकवली आणि पाव फेरा देऊन नळी वेगळी केली. हे आटे अखंड नाहीत, मधे मधे कापलेले आहेत. म्हणून पाव फेऱ्यात सुटतात आणि पाव फेऱ्यात बसतात. असा जोड रोज उघडला तर झिजतो. ब्राउनिंगने त्याची सोय करून ठेवली आहे: नळीच्या मुळाशी खाचा पाडलेली एक कडी आहे, ती एक खाच फिरवली की जोड पुन्हा घट्ट. अण्णांच्या रायफलीची कडी अजून बऱ्याच खाचा शिल्लक ठेवून आहे. नळी बसवून मी हलवून पाहिली. काही हलले नाही. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी ते आटे असे कापले आहेत की आजही त्यांच्यात कागद शिरणार नाही. असे काम मी आयुष्यात दहा-बारा वेळा केले असेल, रोज नाही.

नळीतून दिवा धरून पाहिले. आतले पेचदार चर तोंडापर्यंत धारदार; चेंबरपुढे दोन बोटांवर बारीक टिपके, जुन्या गंजाचे. नळीच्या तोंडाची कड एकसारखी गोल आहे. पुष्कळांच्या बावीसची कड झिजते ती गोळ्यांनी नाही, सफाईच्या सळईने. तोंडाकडून सळई घालून वर्षानुवर्षे घासतात. अण्णा नळी काढून मागच्या बाजूने साफ करत, तो फायदा इथे दिसला.

आता दोष. चेंबरच्या काठावर, फायरिंग पिन जिथे आपटते तिथे, एक चपटा ठसा आहे. बावीसच्या काडतुसाची ठिणगी कडेला असते. चेंबर रिकामे ठेवून चाप ओढला की पिन काडतुसाऐवजी चेंबरच्या काठावर आदळते. घरात पोरांनी कधी तरी खेळ म्हणून चाप ओढला असणार. मिस्त्री म्हणाले, "दुरुस्त होतंय, पण हलक्या हाताचं काम हाय." दुसरा दोष दस्त्यात: काडतुसे भरायच्या भोकापासून मागे गेलेली चीर, सरसाने सांधलेली. लाकूड उत्तम अक्रोडाचे, पण चीर ती चीर.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम पाहायला लावली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राउनिंगच्या कित्येक बंदुकांना मिठात वाळवलेले अक्रोड वापरले गेले. ते मीठ पुढे ओल धरून लाकडाखालचे पोलाद खाते. बाहेरून काही कळत नाही. आपली रायफल त्याआधीची आहे, तरी कोल्हापूरचा पावसाळा पाहता खात्री हवी होती. मिस्त्रींनी दस्ता उतरवला. खाली तेलाचा जुना पिवळा थर आणि स्वच्छ पोलाद.

खोट्या काडतुसांनी भरणी पाहिली. अकरापैकी अकरा सरळ चढली. खरी गोळी झाडून पाहणे या अवस्थेत शक्य नाही. हत्यार जमा आहे आणि परवानाधारक हयात नाही. म्हणजे खऱ्या गोळीवर स्प्रिंग कशी वागते हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढी अनिश्चितता किमतीतून वजा करायला हवी.

३१ जुलै, बुधवार

काल निघताना दुकानदाराने दुसरी एक दाखवली होती: विंचेस्टरची १९०३ ची बावीस, तीही अर्धस्वयंचलित, नळी आपल्यापेक्षा चांगली. किंमत विचारली तर तो नुसता मान हलवत राहिला. तिला लागणारे काडतूस वेगळे आहे. त्या काळी बावीसच्या काळ्या दारूच्या गोळ्या सर्रास मिळत. त्या काजळीने असली यंत्रणा ठप्प झाली असती, म्हणून विंचेस्टरने त्या चढूच नयेत असे खास काडतूस काढले. पुढे १९३३ साली त्यांनीच हीच रायफल नेहमीच्या लाँग रायफल काडतुसावर आणली. पहिलीचे काडतूस मात्र इथे मिळत नाही. इतकी सुंदर वस्तू, आणि तिच्यात घालायला काही नाही. आपल्या रायफलीचे नशीब या एका बाबतीत थोर आहे: तिला साधे .२२ लाँग रायफल चालते.

१ ऑगस्ट, गुरुवार

आज दिवसभर दुसरे काही सुचले नाही. स्वप्नील कुसाळेने ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये भारताचे हे पहिलेच पदक, गुण ४५१.४. वहिनींकडे टीव्हीसमोर आम्ही दुपारी एक वाजल्यापासून बसलो होतो. गुडघ्यावर बसून नेमबाजी झाली तेव्हा तो सहावा होता, झोपून झाल्यावर पाचवा. उभ्याने सुरू झाले आणि एकेक जण गळत गेला तेव्हा वहिनी देवघरात जाऊन उभ्या राहिल्या. तिसरा आल्याचे वहिनींच्या नातीने ओरडून सांगितले. बाहेर पावसात फटाके. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्य आणले होते. त्यानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक महाराष्ट्राच्या मुलाने आणायला ७२ वर्षे गेली, आणि तो आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा निघाला.

नात इथे आजीकडे राहून शिकते, एकोणीस वर्षांची आहे, दुधाळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. सगळे शांत झाल्यावर तिने विचारले, "आबा, पणजोबांची रायफल मला पन्नास मीटरला चालेल का?"

खरे ते सांगितले. चालणार नाही. स्वप्नीलच्या हातात जी होती ती एका वेळी एकच गोळी घेणारी, बोल्ट हाताने ओढायची. नियमच तसा आहे. २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे झोपून झाडण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली त्या आपल्या तेजस्विनी सावंतचीही तशीच. पन्नास मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे. तिथे नळी जाड आणि जड लागते, दस्ता शरीराप्रमाणे मिलिमीटरने सरकवता यावा लागतो. पणजोबांची रायफल खांद्यावर टाकून दिवसभर चालण्यासाठी बनवलेली आहे. पळत्या सशावर दुसरी गोळी पटकन सुटावी ही तिची गरज होती. आपोआप भरणारे हत्यार तुला खेळात हवेच असेल तर ते पिस्तुलात आहे: राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले ते २५ मीटर पिस्तुलात, आणि तिथे बावीसचीच अर्धस्वयंचलित पिस्तुले असतात.

ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "म्हणजे ती वाईट नाही. तिचं काम वेगळं आहे." मला या वाक्याचा फार आनंद झाला.

३ ऑगस्ट, शनिवार

किमतीचा विचार आज करतो आहे. मंगळवारी लिहिले ते सगळे दर्जाचे. पण आपल्याकडे बंदुकीची किंमत दर्जा एकटा ठरवत नाही.

१९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. ती वाट नामांकित नेमबाजांपुरती उघडी आहे. म्हणून देशात जेवढ्या जुन्या परदेशी रायफली आहेत तेवढ्याच फिरत राहतात. परदेशात जी रायफल चांगली पण सर्वसाधारण समजली जाते ती इथे दुर्मीळ होऊन बसते. दुर्मीळतेचे पैसे मोजावे लागतात हे मान्य, पण ते पोलादाचे पैसे नव्हेत. खरेदीदाराला तसे सांगू नये.

उलट बाजूने २०१९ ची दुरुस्ती आहे. पूर्वी एका परवान्यावर तीन हत्यारे ठेवता येत, ती संख्या दोनवर आली. वारसाहक्काने आलेल्यांनाही हीच मर्यादा. अण्णांकडे तीन होती. एक सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी .३१५ ची रायफल सोडली. ती इशापूरची, आपल्या सरकारी कारखान्याची. इंग्रजांनी लष्कराचे .३०३ काडतूस रयतेच्या हातात जाऊ नये म्हणून ते बंद ठेवले, त्या गरजेतून ही आठ मिलिमीटरची देशी जात रुजली. दणकट, दुरुस्तीला सोपी. बाजारात गिऱ्हाईक तिलाच जास्त. तरी अण्णांनी बावीस ठेवली.

आणि कागद. शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित बंदुकांकडे वेगळ्या, कडक नजरेने पाहतात. म्हणून परवान्यावर 'सेमी ऑटोमॅटिक' हे शब्द स्पष्ट असणे आणि साठ वर्षांचे नूतनीकरण सलग असणे हे या रायफलीच्या नळीइतकेच मोलाचे आहे. नुसते 'रायफल' लिहिलेले असते तर मी किंमत सांगायला बसलोच नसतो.

६ ऑगस्ट, मंगळवार

वहिनींचा मुलगा पुण्याहून आला. माझे टिपण वाचले. मी आकडा लिहिला होता: एक लाख दहा हजार ते एक लाख तीस हजार. खालचा आकडा चेंबरच्या ठशासाठी, दस्त्याच्या चिरेसाठी आणि न झाडलेल्या गोळीसाठी. वरचा आकडा अस्सल झळाळीसाठी, घट्ट जोडासाठी आणि पूर्ण कागदांसाठी.

तो नाराज झाला. "काका, समोरचा दोन लाख देतोय."

मी त्याला त्या माणसाला स्पीकरवर फोन लावायला सांगितले. त्याने रायफल पाहिलेली नाही. नळीबद्दल एक प्रश्न विचारला नाही, फक्त 'ऑटोमॅटिक आहे ना' एवढेच दोनदा विचारले. परवान्याचा क्रमांक मागितला तर म्हणाला, हत्यार आधी द्या, कागद मागाहून करू. कायदा सांगतो की विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे आणि ४५ दिवस थांबायचे. मी हे बोललो तेव्हा फोन बंद झाला.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मी त्याला बोल लावला नाही. बापाच्या वस्तूला जास्त किंमत यावी असे कुणालाही वाटेल. पण ते वरचे सत्तर हजार रायफलीचे नव्हते. ते कागद नसण्याचे होते, आणि उद्या त्या रायफलीने काही घडले असते तर पहिले नाव अण्णांच्या घराचे निघाले असते.

वहिनी इतका वेळ दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "विकायची न्हाई. माझ्या नावावर अर्ज करा."

१० ऑगस्ट, शनिवार

वहिनींचे वय ६८. सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागेल असे सांगितले, तेव्हा त्यांनी तारीख विचारली. नात २१ वर्षांची झाली की पुढचे ती पाहील. तोवर मिस्त्रींनी चेंबरचा काठ दुरुस्त करायचा, दस्त्याला मात्र हात लावायचा नाही, असे ठरले.

ज्यांच्या घरी वाडवडिलांचे हत्यार आहे त्यांना माझी विनंती आहे: परवानाधारक हयात असतानाच हत्यारावरचा क्रमांक आणि पुस्तकातला क्रमांक शेजारी ठेवून वाचा, आणि हत्याराची जात पुस्तकात पूर्ण शब्दांत लिहिली आहे का ते पाहा. मागाहून हे काम फार कठीण होते.

आज दुपारी अर्ज भरला. ॲक्शनवरचा क्रमांक भिंगातून दोनदा वाचून मी लिहिला, वहिनींनी खाली सही केली.